मे महिन्यात हरवणाऱ्या मुली

(बीड जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात एप्रिलमध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

आपल्या भाषेत 'शाळा सुटली' या शब्दांचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे घंटा झाली, पोरं घरी निघाली. दुसरा म्हणजे शिक्षण संपलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे दोन अर्थ एकमेकांत कसे मिसळतात, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे. योजनांची यादी वाचून दाखवायला मी आलेली नाही. ती यादी पंचायत समितीच्या भिंतीवर लावलेली असते आणि बाईला वाचता येणार नाही इतक्या उंचीवर लावलेली असते.

मुलीची शाळा सुटते म्हणजे नेमकं कधी सुटते? जानेवारीत वर्गातून उठून ती चालू लागली असं फार क्वचित होतं. वर्ष चालू असताना हजेरीपट असतो, बाई-गुरुजी घरी निरोप धाडतात, मैत्रिणी बोलवायला येतात. ती जाते ती मे महिन्यात, आणि तेही ज्या इयत्तेला गावातली शाळा संपते त्या वर्षी. कुठे चौथी, कुठे पाचवी, कुठे सातवी-आठवी. १ मेला झेंडावंदन होतं, निकाल लागतो, प्रगतिपत्रक हातात येतं. चार दिवसांनी दाखला निघतो आणि घरच्या ट्रंकेत जातो. जुन्या शाळेच्या दृष्टीने मुलगी 'पुढील शिक्षणासाठी' गेली. नव्या शाळेला ती आहे हेच ठाऊक नाही. नाव एका ठिकाणी कमी झालं आणि दुसऱ्या ठिकाणी लागलंच नाही. मधल्या जागेत मुलगी नाहीशी झाली, आणि कोणत्याच हेडमास्तरांच्या कागदावर ती गळती म्हणून दिसत नाही.

आता सगळी नोंद संगणकावर असते. नव्या शाळेने मुलीला ओढून घेतलं नाही, तर तिचं नाव मधल्या एका खान्यात लटकत राहतं. त्या खान्याला ड्रॉप बॉक्स म्हणतात. शाळेच्या लॉगिनमधून तो दिसतो. जूनच्या शेवटी मुख्याध्यापकांकडे जाऊन, 'सर, आपल्या गावच्या किती मुली त्या खान्यात आहेत?' एवढा एकच प्रश्न विचारा. महिला मंडळाला हा खाना माहीत आहे हे कळलं, की पुढची बरीच कामं आपोआप हलतात असा अनुभव आहे.

पण जूनपर्यंत थांबू नका. निकालाच्या दिवशीच शेवटच्या वर्गातल्या मुलींची नावं लिहून घ्या. प्रत्येकीच्या नावापुढे ती कोणत्या शाळेत जाणार ते लिहा. 'बघू' असं उत्तर ज्या घरातून आलं, तिथे मे महिन्यात दोन वेळा जायचं. त्या 'बघू'चा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको.

त्याचा अर्थ बहुतेक वेळा लग्न असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आपल्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ऊसतोडीला उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता धरतो. त्यामुळे टोळी निघण्याआधी पोराचं लग्न व्हायला हवं असतं. इकडे मुलीच्या आईबापांपुढे प्रश्न असा, की सहा महिने आपण कारखान्यावर, म्हातारी सासू थकलेली, वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? कोपीवर न्यायची तर तिथे दार नाही, न्हाणी नाही. आईला पोरीचं शिक्षण नको असतं असं जे शहरात बसून बोलतात, त्यांनी एक रात्र त्या कोपीत काढावी. पोरगी सुरक्षित राहील अशी जागा कुणी देत नाही म्हणून आई लग्नाला हो म्हणते. तिची भीती खरी असते, पण लग्नाने ती भीती जात नाही. ती फक्त दुसऱ्या घरात जाते.

म्हणून लग्न अडवण्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्वाचं काम वसतिगृहाचं आहे. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने २०२१ साली वसतिगृहांची योजना जाहीर झाली, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत. पण त्यांची मागणी ऑक्टोबरमध्ये, गाड्या भरायला लागल्यावर करून उपयोग नसतो. आपल्या गावातून किती मुली मागे राहतील हे आत्ता, माणसं गावात परतत आहेत तेव्हाच मोजायचं आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचं. अर्जाची पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं काम हे सांगितलेलंच नसतं.

लग्नाबद्दल कायद्याचं थोडं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. तेव्हा 'मी काय करू' असं त्यांना म्हणता येत नाही, तेच त्यांचं काम आहे. लग्न लागण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम आणता येतो, आणि मनाई असताना लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. हे फार उपयोगाचं आहे, कारण एरवी लागलेलं लग्न रद्द करून घ्यायला मुलीलाच कोर्टात जावं लागतं. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी सामुदायिक बालविवाह रोखण्यासाठी कायद्याने थेट जिल्हाधिकाऱ्यांनाच अधिकारी मानलं आहे. लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बाईला मात्र या कायद्यात तुरुंगवास नाही. आया घाबरून गप्प बसतात, त्यांना हे सांगा. १०९८ हा नंबर शाळेच्या भिंतीवर असतो, तो मुलींच्या वहीच्या मागच्या पानावर असू द्या. भिंत मे महिन्यात कुलपाआड असते.

आता टाकलेल्या बायकांचं. मुलं घेऊन माहेरी आलेली बाई सुट्टीत मुलांचा दाखला काढायला सासरच्या गावी जाते आणि तिला सांगतात, वडलांची सही आणा. ज्याने घराबाहेर काढलं त्याचीच सही! शिक्षण हक्क कायद्यात 'पालक' या शब्दाची व्याख्या दिली आहे. त्यात बाप आणि आई दोघेही आहेत, एकाला वर आणि दुसरीला खाली असं नाही. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात म्हटलं आहे, की मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकांवर मात्र शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मी ज्या बायकांबरोबर गेले आहे तिथे पाचवं कलम लिहिलेला अर्ज टेबलावर ठेवला की बहुतेक वेळा त्याच दिवशी दाखला मिळाला आहे. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, ते चौदावं कलम.

आईच्या नावाचीही एक गोष्ट याच ओघात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं. चळवळीने किती वर्षं मागितलेली ही गोष्ट! पण ती मुलं पहिलीत येतील २०३० मध्ये. आज शाळेत असलेल्यांच्या आयांनी हक्काने उभं राहायचं ते त्या 'पालक' शब्दावरच.

कारखान्यावरून आलेल्या मुलांची परीक्षा बुडाली असेल, तर ती 'बसली' असं म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, हे चौथं कलम सांगतं. पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आता परत आली आहे. केंद्राने कायद्यात २०१९ साली बदल करून तशी मुभा दिली आणि महाराष्ट्राने ती घेतली. पण नापास झालेल्याला दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावीच लागते आणि आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही. ही फेरपरीक्षा सुट्टीतच येते. नापास मुलीच्या घरी पोचायला लग्नाच्या मध्यस्थाला वेळ लागत नाही, आपल्याला का लागावा? जुलैपर्यंत तिला कुणीतरी रोज एक तास घेऊन बसलं तरी पुष्कळ. बारावी झालेल्या सुना आपल्या गावांत आहेत, आणि त्यांनाही घराबाहेर पडायला निमित्त हवंच असतं.

पोटाचं बोलते. शाळेत शिजणारी खिचडी सुट्टीत बंद होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांना रोज एक वेळचं जेवण लिहिलं आहे, पण 'शाळेच्या सुट्ट्या वगळून'. जणू सुट्टीत मुलांना भूक लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये सांगितलं होतं, की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेचं जेवण दिलं पाहिजे. तेव्हा ज्या वर्षी तालुका दुष्काळी जाहीर होईल, त्या वर्षी एप्रिलमध्येच मागणीचं पत्र तहसीलदारांकडे गेलं पाहिजे. सहा वर्षांखालच्या मुलांचा आहार अंगणवाडीतून येतो, तो शाळेच्या सुट्टीबरोबर बंद होत नाही. तो घरी येतो का, ते बघा. आणि मैत्रिणींनो, खिचडी शिजवणाऱ्या बाईचं मानधन दहा महिन्यांचं असतं. तिच्या चुलीचा विचार करायला अजून कुणाला सवड झालेली नाही. ती बहुधा आपल्याच मंडळात असते.

पैशांच्या योजनांबद्दल मी थोडक्यात सांगते. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांतल्या गरीब घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींना सावित्रीबाईंच्या नावाने उपस्थिती भत्ता सुरू झाला १९९२ साली. हजेरी पंचाहत्तर टक्के असली तर दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. तेव्हा एका रुपयात काय येत होतं ते आठवा आणि आता काय येतं ते दुकानात विचारा. नंतर तीस वर्षं रुपया रुपयाच राहिला. गणवेशाचं तर सांगूच नका. २०२४-२५ मध्ये सगळ्या राज्याला एकच गणवेश म्हणून कापड वरून आलं, शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेलं. बायकांना काम मिळालं म्हणून आपणही खूश झालो. पण कापड वेळेवर नाही, मापं नीट नाहीत, पोरं कित्येक महिने जुन्याच कपड्यांत, आणि बोल लागला शिवणाऱ्या बायकांना. डिसेंबर २०२४ मध्ये काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्याचा निर्णय झाला. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्याच पाहिजेत, हा कायदा आहे. तेव्हा गणवेश कुणाकडून शिवायचा हे समितीतल्या बायकांनी ठरवायचं. इतिवृत्त घरी आणून 'इथे अंगठा करा' म्हणणाऱ्यांना, आधी वाचून दाखवा, असं म्हणायचं.

जायच्या-यायच्या सोयीचं काम मात्र याच महिन्यात करायचं. शाळेत जाणाऱ्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना. पण पास मोफत असून काय, गाडी साडेनऊला आणि शाळा साडेदहाला, परतीची गाडी अंधार पडल्यावर. मुलीची शाळा त्या अंधारात सुटते. आगार व्यवस्थापकांना मे महिन्यात भेटा, सगळ्या गावांच्या मुलींची संख्या आणि शाळेची वेळ लिहून द्या. जूनचं वेळापत्रक एकदा छापलं की पुढच्या वर्षापर्यंत हलत नाही. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या आणि आठवीपासून सायकलीची मदत आहे. आपला तालुका त्यात आहे का, आणि आपल्या मुलींची नावं यादीत आहेत का, हे विचारा.

आठवीनंतर शिक्षण हक्क कायदा मुलीचा हात सोडतो. मात्र सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी माफ आहे, आणि ही सवलत १९८० च्या दशकापासूनची आहे. तरीही नववीला 'फी' म्हणून पैसे मागितले जातात. पावती मागा. पावती मागितली की मागणी बरीच खाली येते. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांखाली उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना पूर्ण फी माफ झाली, त्याच्या मोठमोठ्या जाहिराती आल्या. चांगलंच झालं. ती मुलगी तिथवर पोचायची असेल तर आधी तिला आठवीतून नववीत जायला हवं, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

जेवणानंतर गावागावाने बसायचं आहे. शेवटच्या वर्गातल्या मुलींची यादी, दाखल्याचा अर्ज आणि आगाराला द्यायचं पत्र, असे तीन कोरे कागद प्रत्येक गावाला दिले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, लिहिणाऱ्या मुली मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्यातल्या दोघी यंदा आठवीतून नववीत जायच्या आहेत. यादीत पहिली नावं त्यांचीच घाला.