बढतीचा खर्च कुणाच्या खाती?



स्त्रियांच्या नेतृत्वाचा विषय निघाला की व्यासपीठावरून सामान्यतः दोन प्रकारची भाषणे होतात. एक अभिनंदनाचे आणि दुसरे उपदेशाचे. पहिल्यात कर्तबगार स्त्रियांची नामावळी येते. दुसऱ्यात समाजाने आपली मनोवृत्ती बदलावी, असे आवाहन असते. नावे खरी असतात, आवाहनही प्रामाणिक असते. परंतु दोहोंत हिशेब नसतो, आणि हिशेबावाचून हा प्रश्न उलगडत नाही.

नामावळीपासूनच पाहू. जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालक झाल्या आणि त्याच वर्षी जूनअखेर सुजाता सौनिक मुख्य सचिव झाल्या. दोन्ही पदांवर प्रथमच स्त्री आली, म्हणून सर्वत्र आनंद व्यक्त झाला. राज्य स्थापन झाले १९६० साली. म्हणजे या आनंदासाठी चौसष्ट वर्षे थांबावे लागले. मुंबई विद्यापीठाची कथा आणखी लांब आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला स्नेहलता देशमुख यांच्या रूपाने पहिली स्त्री कुलगुरू लाभली ती १९९५ साली. मनोवृत्ती आपोआप बदलण्याची वाट पाहिली तर किती काळ लागतो, याचा अंदाज यावरून यावा.

आता आपल्या छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे वळू. येथे नगरपालिकेची महानगरपालिका झाली १९८२ साली. २००७ ते २०१५ या काळात विजया रहाटकर, अनिता घोडेले आणि कला ओझा अशा तीन स्त्रिया लागोपाठ महापौर झाल्या. त्यांपैकी रहाटकर पुढे २०२४ साली राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. आणि याच शहराने लोकसभेत कोणाला पाठवले? १९५२ पासून २०२४ पर्यंतच्या अठरा सार्वत्रिक निवडणुकांत येथून एकही स्त्री निवडून गेलेली नाही. शहर तेच, पक्षही बहुतेक तेच. फरक आहे तो नियमाचा. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने पालिकेत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. लोकसभेसाठी २०२३ साली घटनादुरुस्ती झाली खरी. पण तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्या दाव्याला बांधून ठेवण्यात आला.

अर्थात पालिकेतील यशानेही हुरळून जाण्याचे कारण नाही. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यानुसार कारभाराची सत्ता आयुक्तांच्या हाती आणि खर्चाच्या मंजुरीची सत्ता मुख्यतः स्थायी समितीच्या हाती आहे. महापौरपद मानाचे, स्थायी समितीचे सभापतिपद तिजोरीचे. आरक्षण आहे ते मानाच्या पदाला. तिजोरीच्या पदाला नाही. शिवाय एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर येथे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. शून्याचे पन्नास टक्के शून्यच असतात, हे त्या काळात स्त्रीहक्कांच्या किती पाठीराख्यांच्या ध्यानी आले?

राजकारणापेक्षाही अधिक बोलका अनुभव नोकरीतला आहे. बँक, महसूल खाते, जिल्हा परिषद, कोणतेही कार्यालय घ्या. भरतीच्या पायरीवर आता स्त्रिया भरपूर दिसतात. राज्य शासनाने सेवेत तीस टक्के जागा त्यांच्यासाठी ठेवल्या, त्याचे हे फळ आहे. शिडी वरच्या टोकाला मोडते असे समजले जाते. वस्तुतः ती मोडते मधल्या पायरीवर, तिशी आणि चाळिशीच्या दरम्यान. याच वयात पदोन्नतीचा आदेश येतो आणि त्याबरोबर बदली येते. शहरातून किनवटला किंवा भूमला जायचे. पुरुषाचा असा आदेश आला तर घरात पेढे वाटले जातात आणि बिऱ्हाड हलवण्याची चर्चा सुरू होते. स्त्रीचा आला तर मुलांच्या शाळेची, सासूबाईंच्या गुडघ्याची आणि यजमानांच्या डब्याची चर्चा सुरू होते. शेवटी ती ‘कौटुंबिक अडचणीमुळे’ पदोन्नती नाकारत असल्याचा अर्ज देते. निवडसूचीतून तिचे नाव काही काळ वगळले जाते, मागचे पुढे जातात, आणि दहा वर्षांनी वरिष्ठ पदासाठी माणसे शोधताना साहेब म्हणतात, ‘बायकांनाच जबाबदारी नको असते.’ कागदोपत्री त्यांचे म्हणणे खोटे ठरवता येत नाही. अर्जावर सही तिचीच असते.

ही ‘कौटुंबिक अडचण’ मोजता येते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोल कामावर स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. हीही सरासरी जे पुरुष घरकाम करतात त्यांच्यापुरती आहे. बहुसंख्य पुरुष तिच्यात धरलेलेच नाहीत, कारण ते काहीच करत नाहीत! फरक २०१ मिनिटांचा. वर्षाकाठी सुमारे १,२२० तास, म्हणजे आठ तासांचे दीडशेहून अधिक कामाचे दिवस. एका धावपटूच्या पाठीवर दीडशे दिवसांचे ओझे द्यायचे आणि शर्यत गुणवत्तेची आहे असे जाहीर करायचे, असा हा प्रकार आहे.

ओझे कुणाचे, हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्पष्ट भूमिका घेतली होती : मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, मात्र तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्ण मोकळे सोडता येणार नाही. त्याआधी १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारात हा लाभ सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून द्यावा असे म्हटले होते. आपण काय केले? २०१७ साली प्रसूतीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. हे उत्तमच झाले. परंतु कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत येणाऱ्या कामगार स्त्रिया वगळल्या, तर सगळा पगार एकट्या मालकाच्या माथी राहिला. विम्याची वेतनमर्यादा त्याच वर्षी दरमहा २१,००० रुपये ठरली. म्हणजे तिच्या वर पगार असलेली, अधिकारपदाच्या दिशेने निघालेली स्त्रीच मालकाला महाग वाटू लागणार. वाळूजच्या कारखान्यात मुलाखत घेणारा अधिकारी मनाने कितीही पुरोगामी असला, तरी त्याच्या पुढ्यातला कागद त्याला दुसरेच काही सुचवतो. बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ आणि त्यांनी उभारलेले मिलिंद महाविद्यालय ज्या शहरात आहे, तेथे तरी त्यांचे हे आर्थिक म्हणणे अधिक ऐकू यायला हवे होते.

आणखी एक गोष्ट, जी मध्यमवर्गीय चर्चेत सहसा येत नाही. सिडकोतील ज्या अधिकारी स्त्रीला बढती स्वीकारता येते, तिच्या घरी मुकुंदवाडीहून कुणीतरी धुणे-भांडी आणि स्वयंपाकाला येत असते. पहिलीची दोनशे मिनिटे दुसरी उचलते, आणि दुसरीची तिची दहा-बारा वर्षांची मुलगी. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्या मुलीच्या शाळेचे काय, याचे उत्तर मंडळापाशी नाही. वस्तीवस्तीत दिवसभर चालणारी पाळणाघरे पालिकेने काढली, तर या दोघींचाही आणि त्या मुलीचाही मार्ग मोकळा होतो. रस्त्यांच्या डांबराइतकाच हा विकासखर्च आहे. अंदाजपत्रकात त्याला स्वतंत्र शीर्ष मागण्याचे काम कार्यकर्त्यांना आजही करता येईल.

पक्षांचे घर तरी निराळे आहे का? समाजवादी चळवळीने मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते यांच्यासारख्या नेत्या दिल्या, हे अभिमानाने सांगितले जाते. पण तालुका समितीची बैठक रात्री नऊला भरते, अकराला रंगात येते आणि उमेदवारीचे खरे निर्णय त्यानंतर चहाच्या टपरीवर होतात. महिला आघाडीला मोर्चाची पुढची रांग मिळते, संसदीय मंडळात मात्र एखादीच खुर्ची. बैठक रविवारी सकाळी घ्यावी, आणि तोवर मुले सांभाळण्याची पाळी पुरुष कार्यकर्त्यांनी वाटून घ्यावी, असा ठराव पुढच्या बैठकीत कुणी मांडलाच, तर त्याला अनुमोदन द्यायला कोण उभे राहते, हे पाहण्याजोगे असेल.