कागद आणि ओढ्याचे पाणी
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी मला बोलण्याचा मान दिलात, याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. मी काही वक्ती नाही. पण परवानगीच्या कागदांनी माझ्या घराला जो धडा दिला, तो तुमच्यापुढे ठेवावा असे वाटले.

तुम्हाला ठाऊकच आहे, सोलापूर रस्त्याला कारखाने आले, तसे कामगार भांडगावात राहू लागले. आमच्या घरीही चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या. जमीन बिनशेती होती. तेव्हा सगळे झाले, असे आम्ही समजलो. कर्ज काढले, माझ्या पाटल्याही गहाण पडल्या. आणि एके दिवशी नोटीस आली : बांधकामाची मंजुरी कोठे आहे?

तेव्हा कळले की बिनशेती निराळी आणि बांधकामाची मंजुरी निराळी. गावठाणापासून २०० मीटरच्या आत, आराखड्यात घरांसाठी ठरलेल्या जमिनीला ठरलेली रक्कम भरली की वेगळी बिनशेती मागावी लागत नाही. पण घराचा नकाशा दाखवावाच लागतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागाला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला बरीच सूट आहे. नियमाप्रमाणे नकाशा, जाणकाराचा दाखला आणि शुल्क दिले की त्याची पोचच परवानगी ठरते. आम्ही आधी विचारले असते, तर एवढी पायपीट आणि दंड वाचला असता.

आता ओढ्याची गोष्ट सांगते. पाण्याला वास येऊ लागला, म्हणून आम्ही पाचसहा जणी एका कारखान्याविरुद्ध तक्रार घेऊन गेलो. साहेबांनी शांतपणे विचारले, "वास कोणत्या दिवशी आला? आणि ओढ्यात आणखी कोणाचे पाणी सुटते?" पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हते. दुसऱ्याचे होते, पण माझ्या तोंडून निघेना. भगिनींनो, माझ्या चार खोल्यांची मोरी त्याच ओढ्याला मिळत होती!

त्या रात्री मला झोप लागली नाही. महिनाभरात शोषखड्डा खणून घेतला. मग वही घातली : तारीख, वेळ, रंग, वास. पुढच्या खेपेला वही दाखवली, तेव्हा माणसे येऊन पाण्याचा नमुना घेऊन गेली. निकाल अजून हाती नाही. पण आता आम्हाला कोणी वाटेला लावत नाही.

कारखान्यालाही कागद लागतात. १९७४ चा पाण्याचा आणि १९८१ चा हवेचा कायदा सांगतो, की उभारण्यापूर्वी एक संमती आणि चालवण्यापूर्वी दुसरी घ्यावी. ती देते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. तेही मंडळच, पण हळदीकुंकवाचे नव्हे! २०१६ मध्ये उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे गट ठरले. लाल सर्वांत घातक. पांढऱ्याला संमती लागत नाही. आपल्या बचत गटाने यंत्र घेण्यापूर्वी आपला रंग विचारून घ्यावा. लहान धंद्याला हे हेलपाटे जड जातात, हे मी नाकारीत नाही. दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाणे काय असते, ते मला माहीत आहे.

परंतु याच नियमांनी आपल्याला तोंड दिले आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अनेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते; तिची सूचना किमान ३० दिवस आधी हवी आणि अहवालाचा सारांश मराठीतही मिळाला पाहिजे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा भरवण्याची तरतूद आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने १० रुपयांच्या अर्जावर संमतीची प्रत मागता येते. मात्र महिलांच्या सभेला आपण घरी स्वयंपाकच करीत बसलो, तर दोष कोणाला द्यावा?

कारखाने जावेत, असे मी म्हणत नाही. माझा मुलगा तिथेच कामाला आहे. त्याची नोकरी राहावी आणि नातीच्या घागरीतले पाणीही निर्मळ राहावे, एवढेच मागणे आहे. म्हणून आधी आपापली मोरी पाहू या, मग वही घालू या, आणि पुढच्या महिला सभेला सगळ्याजणी मिळून जाऊ या.