चीर बुजवणं आणि दुरुस्ती करणं



पिस्तुलाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला तडा गेला, तर ती दुरुस्त करता येते का, या एकाच प्रश्नावर आज मला बोलायचं आहे. प्रश्न मोजक्या लोकांचा वाटेल. पण ही फ्रेम ज्या जातीच्या मिश्रधातूची असते, त्याच जातीच्या मिश्रधातूंची विमानं आपल्या डोक्यावरून रोज जातात. वर्कशॉपमध्ये या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं : "आरगॉन मारून देतो, कळणारसुद्धा नाही." माझ्या मते, ते कळत नाही हाच मोठा धोका आहे.

आधी रचना पाहू. पिस्तुलाचे ढोबळमानानं तीन भाग. गोळी जिच्यातून सुटते ती नळी, नळीवर मागंपुढं सरकणारी स्लाइड आणि या दोघींना वागवणारी, खाली मूठ असलेली फ्रेम. नऊ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसासाठी युरोपीय मानकानं २३५० बार इतका कमाल दाब धरला आहे. हा दाब नळी आणि स्लाइड झेलतात. दोन्ही पोलादी असतात आणि त्या क्षणी एकमेकींत अडकलेल्या असतात. फ्रेमच्या वाट्याला येतो तो त्यानंतरचा दणका, म्हणजे मागं आलेली स्लाइड थांबवणं आणि तिला पुन्हा मार्गावर धरून ठेवणं. म्हणूनच फ्रेम हलक्या धातूची करणं शक्य झालं. अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या जेमतेम एकतृतीयांश.

जर्मनीचं वॉल्थर पी३८ हे याचं चांगलं उदाहरण. १९३८ साली सैन्यानं ते निवडलं, तेव्हा त्याची फ्रेम पोलादी होती. युद्धानंतर वॉल्थरचा कारखाना त्सेला-मेलिसहून उल्मला आला. १९५७मध्ये पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्यासाठी तेच पिस्तूल पुन्हा बनू लागलं, ते मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं. १९६३पासून त्याला पी१ म्हणू लागले.

आता तडा का जातो ते पाहू. एकोणिसाव्या शतकात प्रशियातल्या रेल्वेचे अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी आगगाडीच्या आसांवर प्रदीर्घ प्रयोग केले. एकदा सहज सोसला जाणारा भार पुनःपुन्हा दिला की आस तुटतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. धातूच्या या थकव्याच्या बाबतीत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात मोठा फरक आहे. बहुतेक साध्या पोलादांना एक मर्यादा असते आणि तिच्या खालचे हेलकावे ते जवळजवळ अनंत वेळा सोसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नाही. छोट्या दणक्याचीही नोंद तिथं होत राहते. प्रत्येक गोळी म्हणजे एक आवर्तन. आतल्या एखाद्या धारदार कोपऱ्याशी, भोकाच्या कडेला किंवा कटरनं सोडलेल्या ओरखड्याशी ताण एकवटतो आणि तिथून चीर सुरू होते. एकदा सुरू झाली की चिरेचं टोकच नवा धारदार कोपरा बनतं, आणि पुढची प्रत्येक गोळी तिला थोडी लांबवते.

मग ती वितळवून सांधली तर? त्यासाठी या धातूला बळ कुठून येतं हे समजून घ्यायला हवं. ती कथाही शस्त्रास्त्रांशीच जोडलेली आहे. काडतुसाच्या पितळी पुंगळीला पर्याय हवा म्हणून आल्फ्रेड विल्म हे धातुशास्त्रज्ञ बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्ग इथं अ‍ॅल्युमिनियम कठीण करण्याच्या खटपटीत होते. आपला लोहार कोयता लालबुंद करून पाण्यात बुडवतो आणि तो तत्काळ कडक होतो. विल्मनी १९०६ साली तांबं आणि थोडं मॅग्नेशियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमला तसंच पाणी दिलं. धातू मऊच राहिला. कथा अशी सांगतात की मोजमाप अर्धवट सोडून आठवड्याची सुट्टी झाली आणि परतल्यावर मोजलं, तर तोच तुकडा कितीतरी कठीण झाला होता. नुसता ठेवल्यानं तो मुरला होता. ड्यूरेन गावच्या कारखान्यानं याच शोधावर ड्युरॅल्युमिन बाजारात आणलं. आत नेमकं काय घडतं हे १९३८मध्ये फ्रान्सचे गिनिए आणि इंग्लंडचे प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी दाखवलं : विरघळलेले तांब्याचे अणू अतिसूक्ष्म चकत्यांच्या रूपात गोळा होतात आणि स्फटिकाचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत.

आज पिस्तुलांच्या अनेक फ्रेम ७०७५ या जस्तयुक्त मिश्रधातूच्या असतात. सुमारे ४७० ते ४८० अंश सेल्सिअसला तापवून त्याला झटकन थंड करतात आणि मग १२० अंशांच्या आसपास दिवसभर मुरवतात. असा धातू तुटायला चौरस मिलिमीटरमागे सुमारे ५७० न्यूटन ताण लागतो. तोच धातू मऊ करून सोडला तर २३०च्या घरात तुटतो. रासायनिक घटक तेच, वजन तेच, दिसणंही तेच. बळ आलेलं असतं ते तापवणं, थंड करणं आणि मुरवणं या क्रमातून.

आरगॉन वेल्डिंगची उष्णता हा क्रमच पुसून टाकते. चिरेच्या जागी धातू वितळतो आणि शेजारच्या पट्ट्यात जास्त मुरून मऊ पडतो. शिवाय ७०७५ थिजताना स्वतःच तडकतो, म्हणून नेहमीच्या वेल्डिंगसाठी तो अयोग्य मानतात. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागतं, आणि ओलाव्यातून आलेला हायड्रोजन सांध्यात बारीक पोकळ्या सोडतो. सांध्यानंतर पूर्ण फ्रेमला पुन्हा तापवून पाणी द्यावं, तर ती वाकते आणि स्लाइड ज्यांवर चालते ते मार्ग सरळ राहत नाहीत. शेवटी फाइल आणि पॉलिशनं जागा चकचकीत होते, मालक निर्धास्त होतो आणि मऊ झालेला पट्टा पुढच्या दणक्याची वाट पाहत राहतो. विमानदुरुस्तीत चिरेच्या टोकाशी भोक पाडून तिला थोपवतात आणि वर रिव्हेट मारून पत्रा जोडतात. पिस्तुलाच्या अरुंद मार्गाला तेवढी जागाच नसते.

मग कारखान्यांनी काय केलं? वॉल्थरनं १९७०च्या दशकात पी१च्या फ्रेममध्ये पोलादाचा एक षटकोनी बोल्ट आडवा बसवला. नळी आणि स्लाइड यांना अडकवणारा ठोकळा जिथं धक्का देतो, तिथं आता अ‍ॅल्युमिनियमऐवजी पोलाद आलं. अमेरिकेत कोल्टनं १९८७ साली १० मिलिमीटरच्या जोरदार काडतुसासाठी डेल्टा एलिट आणलं. त्याची फ्रेम पोलादी, तरी स्लाइड रोखून धरणाऱ्या खटक्याच्या, म्हणजे स्लाइड स्टॉपच्या, वरच्या बारीक पट्टीला तडे जाऊ लागले. कोल्टनं ती पट्टीच काढून टाकली. एकानं धातू घातला, दुसऱ्यानं काढला. दोघांनीही चिरेची रेघ बाजूला ठेवून भार कोणत्या वाटेनं जातो हे पाहिलं आणि ती वाट बदलली. मी दुरुस्ती म्हणतो ती याला.

म्हणून तडकलेली फ्रेम हाती आली तर तिच्यातून गोळी झाडणं थांबवावं. लाल रंगाचा झिरपणारा द्रव आणि पांढरी पावडर वापरून डाय पेनिट्रंट तपासणी केली की चीर खरी किती लांब आहे ते दिसतं. कोपऱ्यातल्या ओरखड्याला चीर समजण्याची चूकही त्यानं टळते. चीर खरी निघाली तर निर्णय निर्मात्यावर सोपवावा, आणि बहुतेक वेळा तो निर्णय फ्रेम बाद करण्याचा असतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. या कायद्याचा आदर करण्यामागं धातुशास्त्राचंही कारण आहे, हे माझ्या बोलण्यातून ध्यानात आलं असेल.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती पिस्तूल येईल. पण मोटारीची अलॉय व्हील आपल्या गावोगावी आहेत आणि तडकलेलं व्हील आरगॉन मारून विकणारी दुकानंही आहेत. तिथंही तोच नियम लागू आहे : अशी बरीच व्हील तापवून, थंड करून, मुरवून बळ दिलेल्या मिश्रधातूची असतात. माझी विनंती आयटीआयच्या शिक्षकांना आहे. मुलांना सांधा सुंदर कसा घालायचा हे शिकवताना, हा कोणता मिश्रधातू आहे आणि याच्यावर आधी कोणती प्रक्रिया झाली आहे, हे दोन प्रश्न आधी विचारायला शिकवा. ज्याला या प्रश्नांची उत्तरं ठाऊक आहेत, तो कारागीर गिऱ्हाइकाला ठामपणे सांगू शकतो की हे सांधू नका, बदला. त्या नकारावर पुढं कुणाचा तरी जीव अवलंबून असतो, आणि तो नकार देणाऱ्या कारागिराला आपण सगळ्यांनी मान दिला पाहिजे.