कल्पित राज्यांच्या पायातील खरे दगड



जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील राज्ये कोणत्याही नकाशावर नाहीत. तरीही वाचकाला ती ओळखीची वाटतात. टॉल्किन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते. राज्ये त्यांनी कल्पनेने उभारली खरी, पण दगड इतिहासाच्या आणि पुराणकथांच्या खाणीतून आणले.

गोंडोर हे त्यांतले सर्वांत भव्य राज्य. त्याच्या पूर्वजांचे बेट, न्यूमेनोर, राजांच्या उन्मत्तपणामुळे समुद्रात बुडाले. ही प्लेटोने सांगितलेल्या अटलांटिसची कथा होय. सर्व काही गिळत येणारी प्रचंड लाट टॉल्किन यांच्या स्वप्नात पुनःपुन्हा येत असे, आणि ते स्वप्न त्यांनी कादंबरीतील फारामिर या पात्राला देऊन टाकले. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेतील लोकांना घेऊन निघतो आणि मागे नगरी समुद्रात बुडत जाते, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या कथेची नवलाई थोडी कमी वाटेल. तिचे दुःख मात्र चटकन कळेल.

बेटावरून वाचलेल्यांनी दोन राज्ये स्थापली. उत्तरेचे लयाला गेले, दक्षिणेचे गोंडोर टिकले. रोमचेही असेच झाले. पश्चिमेकडील साम्राज्य ४७६ मध्ये संपले. पूर्वेकडील बायझंटाईन साम्राज्य कॉन्स्टँटिनोपलच्या तटांआड १४५३ पर्यंत तग धरून राहिले. उतरत्या काळातील गोंडोरची तुलना टॉल्किन यांनी स्वतः एका पत्रात बायझंटियमशी केली आहे. राजमुकुट आणि भव्य बांधकामाची ओढ यांसाठी त्यांनी प्राचीन इजिप्तकडे बोट दाखविले. गोंडोरचे राजे जिवंतांच्या घरांपेक्षा थडग्यांवर अधिक खर्च करीत, वंशावळी उगाळीत आणि निपुत्रिक मरत. उसनवारी केवळ मुकुटाची असती तर ती नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातील पोशाखासारखी दिसली असती. टॉल्किन यांनी साम्राज्य कसे झिजते याची रीतच उचलली, म्हणून गोंडोर खरे वाटते. तेथे सिंहासन रिकामे असून कारभारी पिढ्यानपिढ्या राज्य चालवितात. मराठी वाचकाला येथे सातारा आणि पुणे आठवणे स्वाभाविक आहे; पण साताऱ्याची गादी रिकामी नव्हती, हा फरक लहान नाही.

रोहान हे शेजारचे राज्य वेगळ्या घडणीचे. त्याच्या राजाचे नाव थेओडेन. अँग्लो-सॅक्सनमध्ये या शब्दाचा अर्थच ‘राजा, स्वामी’ असा आहे. त्याचा सुवर्णमंडित दरबार ‘बेओवुल्फ’ काव्यातील हेओरोटची आठवण करून देतो. गंमत अशी की १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या रणांगणावर इंग्रज पायी लढले, आणि घोडदळ होते ते नॉर्मनांचे. टॉल्किन यांनी अँग्लो-सॅक्सन बोलणाऱ्यांना घोड्यांवर बसविले! थेओडेन आपल्याच घोड्याखाली सापडून मरतो, हेही इतिहासाला अपरिचित नाही. ४५१ मध्ये अटिलाविरुद्धच्या लढाईत व्हिसिगॉथांचा राजा थिओडोरिक घोड्यावरून पडून तुडविला गेला, असे इतिहासकार जॉर्डानेस सांगतो.

येथवर कौतुक. परंतु खाणीतून दगडांबरोबर मातीही येते. गोंडोरला वेढा पडतो तेव्हा शत्रूच्या फौजेत पूर्वेकडून आलेले लोक असतात, दक्षिणेचे सावळे योद्धे असतात, युद्धाचे हत्ती असतात. बायझंटियमचे चित्र त्याच्या तटाआतून रंगविले की तटाबाहेरचा माणूस शत्रूच दिसणार. हत्तींच्या देशात हे पुस्तक वाचणाऱ्या मुलाने आपली जागा कोठे शोधावी? टॉल्किन यांना निव्वळ द्वेष्टा ठरविणे हे यावरचे सोपे उत्तर आहे, आणि ते अन्यायाचे आहे. कादंबरीतच एके ठिकाणी दक्षिणेचा एक सैनिक सॅम या साध्या माळ्यासमोर मरून पडतो. सॅमला त्याचा चेहरा दिसत नाही, याचे त्याला बरेच वाटते. याचे नाव काय असेल, हा खरोखरच दुष्ट होता का, की कोणाच्या खोट्या बोलण्याला किंवा धाकाला बळी पडून घरापासून इतका दूर आला, असे विचार त्याच्या मनात येतात. तेवढ्यात रानातून प्रचंड हत्ती धडधडत येतो आणि सॅमचे विचार तेथेच तुटतात. त्या सैनिकाचे नाव शेवटपर्यंत कळत नाही.