सरोवराच्या कांठची नगरपरिषद

नगरपरिषद म्हटलें कीं घरपट्टीची पावती, नळाची वेळ आणि रस्त्यावरचा दिवा एवढ्याच गोष्टी बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. तिच्या कारभाराची कीर्ति गांवाच्या वेशीबाहेर क्वचितच जाते; आणि अपकीर्ति गेली तरी शेजारच्या तालुक्यापलीकडे पोंचत नाहीं. परंतु एखाद्या लहानशा गांवाच्या गटाराचा प्रश्न साऱ्या जगांतील शास्त्रज्ञांच्या चिंतेचा विषय होऊं शकतो. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार हें तसें गांव होय.

लोणारचें सरोवर आकाशांतून कोसळलेल्या पाषाणाच्या आघातानें झालेल्या विवरांत सांठलेलें आहे. विवराच्या तोंडाचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून, कांठावरून तळाकडे पाहतां नजर शंभर मीटरांहून अधिक खालीं उतरते. काळ्या बसाल्ट खडकांत अशा रीतीनें झालेलीं विवरें पृथ्वीवर फारच थोडीं आहेत. त्याच्या वयाविषयीं मात्र एकमत नाहीं. एका पद्धतीची मोजणी तें सुमारें ५० हजार वर्षांचें ठरविते, तर दुसरी सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षांचें. अकबराच्या काळीं रचलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त येथील खाऱ्या पाण्याचा उल्लेख आहे. पुढें १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें स्थान पाश्चात्त्य जगाच्या नजरेस आणलें. १९७९ सालीं त्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान मिळाला, २००० सालीं परिसर अभयारण्य झाला, आणि २०२० सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत त्याचें नांव दाखल झालें.

या सर्व मानमरातबांहून महत्त्वाची अशी एक साधी गोष्ट आहे. या सरोवरांत पाणी येतें, पण त्यांतून बाहेर पडत नाहीं. पावसाचें पाणी उतारावरून येतें, धारेसारखे गोड्या पाण्याचे झरे येऊन मिळतात. जाणें होतें तें केवळ उन्हाच्या वाटेनें. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागें राहतात. हजारों वर्षांच्या या क्रमानें सरोवराचें पाणी अतिशय क्षारयुक्त झालें असून, त्यांत सामान्य मासा जगत नसला तरी निळ्याहिरव्या शैवालाची व सूक्ष्म जीवांची एक निराळीच सृष्टि नांदते.

नदीकांठच्या गांवाची गोष्ट वेगळी असते. त्यानें आपलें सांडपाणी नदींत सोडलें तर तें खालच्या गांवाकडे जातें, आणि निष्काळजीपणाचें फळ दुसऱ्याच्या पदरांत पडतें. लोणारला ही पळवाट निसर्गानेंच ठेवलेली नाहीं. गांव विवराच्या ईशान्य कांठाशीं वसलेलें. घराघरांतील मोरीचें पाणी उतार सांपडेल तिकडे धांवणार, आणि एकदां खालीं उतरलें कीं तेथेंच राहणार. साबण, शेण, शेतांतील खत यांमधून येणारीं नत्र व स्फुरद हीं द्रव्यें तेथें सांठत जातात, आणि गोडें पाणी प्रमाणाबाहेर मिसळलें कीं ज्या क्षारतेवर तेथील जीवसृष्टि जगते ती क्षारताच मंद होऊं लागते.

२०२० च्या जून महिन्यांत सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां देशभर कुतूहल उत्पन्न झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत, हा रंग खारटपणांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचें आढळलें. पाणी आटून क्षार वाढले म्हणजे ते फोफावतात, आणि पाऊस झाला कीं रंग ओसरतो. ज्या बदलानें लोक थबकले तो असा निसर्गाच्या नेहमीच्या व्यवहारांतला होता. खरी काळजी करावी असा बदल रंगाशिवाय आणि गाजावाजाशिवाय, मोरीच्या वाटेनें होत असतो. त्याचें छायाचित्र कोणी घेत नाहीं.

आतां जबाबदारी कोणाची? अभयारण्य वनखात्याकडे, कांठावरचीं कित्येक जुनीं मंदिरें पुरातत्त्वखात्याकडे, आणि गांव नगरपरिषदेकडे. पाणी मात्र या तिन्ही हद्दी ओळखीत नाहीं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें या सरोवराचें प्रकरण वारंवार आलें, त्याचें एक कारण हेंच कीं, एका खात्याचें काम जेथें संपतें तेथें दुसऱ्याचें आपोआप सुरू होत नाहीं.

महाराष्ट्रांतील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानें चालतो. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, गटारें व सफाई हीं त्यांचीं बंधनकारक कर्तव्यें होत. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यानें जलाशयांत घाण सोडण्यास मनाई केलेली आहे. कायद्यांत उणीव आहे असें नव्हे. उणीव आहे ती पैशाची आणि माणसांची. लहान नगरपरिषदेचें हुकमी उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी. मोठीं कामें सरकारी अनुदानावर अवलंबून. सांडपाणी शुद्ध करण्याचें यंत्र अनुदानांतून उभें राहूं शकतें. परंतु तें वर्षभर चालविण्यास वीज लागते, जाणता कामगार लागतो, आणि प्रत्येक घराची मोरी त्याच्या नळास जोडलेली असावी लागते. बंद पडलेलें यंत्र आणि नसलेलें यंत्र यांत सरोवराच्या दृष्टीनें कांहींच भेद नाहीं.

नवरात्रांत कमळजादेवीच्या दर्शनास येणारे यात्रेकरू आणि वर्षभर येणारे प्रवासी यांचाही भार याच गांवावर पडतो. ज्या वस्तूचा अभिमान साऱ्या राज्यानें मिरवावा, तिच्या रक्षणाचा नित्य खर्च मूठभर घरपट्टीदारांनीं सोसावा, हा न्याय नव्हे. राज्यानें तो भार कायमचा उचलणें हेंच योग्य होय.

तथापि पैसा आला तरी राखण गांवानेंच करावयाची असते. २००५ च्या माहितीच्या अधिकारानें नगरपरिषदेचा अर्थसंकल्प, कंत्राटें व कामांचे अहवाल पाहण्याची मुभा प्रत्येकास दिलेली आहे. अमुक गल्लीची मोरी जोडली गेली काय, यंत्र गेल्या महिन्यांत किती दिवस चाललें, हे प्रश्न विचारण्यास भूगर्भशास्त्र यावें लागत नाहीं. त्यांचीं उत्तरें दरमहा फलकावर लागूं लागलीं आणि तीं वाचण्यास चार माणसें थांबूं लागलीं, म्हणजे कोणत्याही जागतिक यादीनें होणार नाहीं तेवढें रक्षण सरोवरास लाभेल.