धर्माचा रकाना



नास्तिकांच्या संमेलनात अध्यक्षाला नारळ मिळत नाही, हे तत्त्वाला धरूनच आहे. घरी चटणीला झाला असता, एवढेच.

मी नास्तिक कसा झालो यात सांगण्यासारखे काही नाही. लिहिणाऱ्या नास्तिकांत कसा आलो, ते सांगतो. नोकरीची सगळी वर्षे सकाळच्या कल्याण लोकलने गेलो. डब्यात भजनी मंडळ होते. टाळ वाजवणाऱ्या एकाची बदली झाली आणि टाळ माझ्या हाती आले. दसऱ्याला डबा सजवायची वर्गणीही मीच गोळा करायचो. मनात देव नव्हता. पण दमलो की सरकून चौथी सीट देणारी माणसे तीच होती. एकदा डोंबिवली सुटल्यावर शेजारच्याला हळूच म्हणालो, "माझा यावर विश्वास नाही हो." तो म्हणाला, "माझाही नाही. ताल सोडू नका." अकरा वर्षे आम्ही मांडीला मांडी लावून बसत होतो आणि एकमेकांचा पत्ता नव्हता! लिहायला हवे, हे मला तिथे पटले.

दि. य. देशपांडे यांनी एप्रिल 1990मध्ये नागपूरहून 'नवा सुधारक' हे मासिक काढले. पुढे ते 'आजचा सुधारक' झाले. आगरकरांच्या 1888च्या 'सुधारक'चे ऋण नावातच होते. त्याची वर्गणी भरली आणि मी या मंडळींत आलो. भजनात टाळ चुकला की डोळे वटारतात; इथे सगळ्यांचा एकच सूर लागला की वटारत.

आधीच्यांना एवढीही सोबत नव्हती. आगरकरांनी विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली. र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक जवळजवळ एकहाती चालवले. 1934च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला.

तुमच्यापैकी काहीजण टोपणनावाने लिहितात. 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात डॉ. दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर टोपणनावावरून कुणाला बोल लावायचा मला अधिकार नाही. दुसऱ्याला उघडे पाडायचाही नाही. आमच्या कल्याणच्या पोस्टात एके काळी कारकून असलेले गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये बड्या मंडळींना चहा पाजला आणि मग त्यांची नावे चव्हाट्यावर आणली. प्रकरण टिळक-रानड्यांच्या प्रायश्चित्तापर्यंत गेले. गंमत खरी, पण मला तो माणूस आपला वाटत नाही. दुसऱ्याचे सोवळे फेडणे सोपे असते.

स्वतःचे सांगतो. 2011च्या जनगणनेत देशभरात 33,304 जणांची नोंद नास्तिक म्हणून झाली. त्यांतले 9,652 महाराष्ट्रातले. गर्दीच्या वेळच्या दोन-तीन लोकलमध्ये मावतील इतके. त्यांत मी नाही. प्रगणक बाईंनी विचारले, "हिंदूच ना?" चहा समोर होता, मी "हो" म्हणालो. मी, लेखक!

सरकारी कागदावर धर्म सांगायची सक्ती करता येत नाही, 'धर्म नाही' म्हणायचा हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2014मध्ये सांगितले आहे. पुढच्या जनगणनेचे प्रगणक दारात आले, की घरातल्या दुसऱ्या कुणाला पुढे करू नका. त्या रकान्याचे उत्तर स्वतः द्या, आणि काय लिहिले ते त्यांच्याकडून वाचून घ्या.