वारा पाहून घर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू ते पतंगाचं काहीतरी करतेस ना, त्यावर दहा मिनिटं बोल." पण सकाळी चहापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. धाटावला एवढे केमिकलचे कारखाने आहेत, नागोठणे जवळ आहे, मग ही मुलगी तमिळनाडूत तुतुकुडीला जाऊन का राहिली? तर त्याचंच उत्तर देते.

आधी खेळ काय ते सांगते. त्याला काइटबोर्डिंग म्हणतात. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि पट्ट्यापासून वीस-चोवीस मीटर लांब दोऱ्यांवर हवा भरलेला मोठा पतंग. पतंगाचं क्षेत्रफळ साधारण ७ ते १२ चौरस मीटर, म्हणजे आपल्या पडवीएवढं. वारा पतंगाला ओढतो आणि पतंग आपल्याला पाण्यावरून नेतो. हा खेळ २०२४ साली पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. त्यामुळे आता निदान "हे काय नवीन खूळ" असं कोणी म्हणत नाही. निदान तोंडावर.

या खेळाला ताशी बावीस-पंचवीस किलोमीटरचा, एकसारखा वाहणारा वारा लागतो. कमी असला तर पतंग पाण्यात बसतो. आणि त्याची दिशाही बघावी लागते. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा माणसाला आत ओढून नेतो, सरळ किनाऱ्यावर येणारा वारा वाळूवर आपटतो. किनाऱ्याला तिरका लागणारा वारा सगळ्यात बरा.

आपल्याला भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले होते. दिवसा जमीन तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री उलटा जातो. दोन मार्कांचा प्रश्न होता तो. मला पुढे त्याच उत्तरावर घर शोधावं लागलं.

आपला किनारा घ्या. अक्षी, नागाव, रेवदंडा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारनंतर वायव्येकडून बरा वारा सुटतो. जूनमध्ये वाऱ्याला तोटा नाही, पण त्याच्याबरोबर पाऊस, उंच लाटा आणि गढूळ पाणी येतं. कोळीबांधव होड्या वर ओढून शाकारतात. जिथे ते उतरत नाहीत तिथे आपण उतरू नये. पावसाळा संपला की वारा मऊ पडतो. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने हाती लागतात.

आता गंमत बघा. आपल्याकडे पाऊस आणणारा तोच नैर्ऋत्य मोसमी वारा केरळच्या बाजूला पाऊस टाकतो आणि घाटाच्या दक्षिण टोकाच्या खिंडींतून पलीकडे उतरतो. तिथे तो कोरडा आणि जोरदार असतो. म्हणून त्या बाजूला पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे आणि तुतुकुडीला मैलोन् मैल मिठागरं. पेण-उरणच्या मिठागरांची ज्यांना आठवण आहे त्यांना सांगायला नको, मिठाला ऊन लागतं तसाच वाराही लागतो. तुतुकुडीचा अख्ख्या वर्षाचा पाऊस आपल्या एका जुलैच्या पावसाएवढाही भरत नाही. मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत हा नैर्ऋत्येचा वारा, आणि डिसेंबर-जानेवारीपासून मार्चपर्यंत ईशान्येचा. एका गावाला दोन मोसम.

पण नुसता वारा बघून संसार होत नाही. माझी आई म्हणालीच होती, "संसार काय वाऱ्यावर करायचा असतो?" आपल्याकडे मुलीचं गाव लग्नाने ठरतं आणि मुलाचं नोकरीने. आम्ही नवराबायकोने वही घेतली आणि रकाने आखले.

पहिला रकाना वाऱ्याचा. त्यात महिने लिहायचे नाहीत, तास लिहायचे. वारा दुपारी सुटतो आणि मी सहापर्यंत प्रयोगशाळेत असेन, तर तो वारा माझ्या काय कामाचा? आपल्या कोलाडच्या मुलांकडून मी हे शिकले. कुंडलिकेत भर उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं, कारण भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी नदीला येतं. पाणी यायच्या वेळेला ती मुलं तराफे घेऊन तयार असतात. त्यांचा सगळा धंदा दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो, आणि ते वेळापत्रक त्यांना पाठ आहे.

दुसरा रकाना नोकरीचा. एक नोकरी मिळते का, एवढं बघून भागत नाही. हा कारखाना उद्या बंद पडला तर त्याच गावात दुसरा आहे का? आपल्यातल्या किती घरांनी या प्रश्नाचं उत्तर सोसून शोधलंय, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. तिसरा रकाना नवऱ्याच्या कामाचा आणि मुलीच्या शाळेचा. चौथा, निडीला पोचायला लागणाऱ्या वेळाचा.

मग एकेक गाव तपासलं. रामेश्वरम-मंडपमला वारा उत्तम, एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी आणि दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. पण तिथला रोजगार मुख्यतः मासळी आणि यात्रेकरूंचा. गोव्यात मोरजी-अश्वेला बऱ्या वाऱ्याचा मोसम जवळजवळ आपल्याच किनाऱ्यासारखा. नेदरलँड्समध्ये वारा बारमाही आणि रॉटरडॅमला रसायन उद्योगही मोठा. पण हिवाळ्यात समुद्राचं पाणी पाच-सहा अंशांवर येतं, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. केपटाऊन आणि पर्थला जोर त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात. सगळे रकाने पूर्ण भरलेलं गाव एकही निघालं नाही. तुतुकुडीत खत, कॉस्टिक सोडा, बंदर, वीजकेंद्रं आहेत, म्हणजे माझ्या कामाला एकापेक्षा जास्त दारं. नवऱ्याचं काम संगणकावरचं, ते कुठूनही होतं. शेवटच्या रकान्यात मात्र तुतुकुडी नापास. रेल्वेने दीड दिवसाहून जास्त.

नोकरी घेताना मी पगाराआधी शिफ्ट विचारली. कायम पहिली शिफ्ट मागून घेतली, रात्रीच्या शिफ्टचा भत्ता सोडला. दोनला सुटते, तीनला पाण्यात असते, साडेपाचला मुलीच्या अभ्यासाला घरी. बारमाही वारा म्हणाल तर नाहीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे पाऊस असतो आणि एप्रिलमध्ये वारा पडतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दिवाळी, आणि एप्रिलअखेर मुलीची सुट्टी. वारा नसतो तेव्हा मी निडीत असते. गणपतीला मात्र कितीही वारा असो, मी इथेच.

या निवडीची किंमतही सांगितली पाहिजे. गेल्या वर्षी आईला रात्री छातीत दुखायला लागलं. मला फोन आला तेव्हा मी इथून दीड हजार किलोमीटरवर. तिला रोह्याला दवाखान्यात नेलं ते या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलेल्या दोघांनी. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले, तोवर रात्रभर बाकावर बसून त्यांनी सगळं निभावलं होतं. आई आता बरी आहे. पण तेव्हापासून मला कळलंय की माझा चौथा रकाना तुम्ही लोक भरताय. मी लांब राहू शकते, कारण तुम्ही जवळ राहिलात. हे कोणत्याही वाऱ्याच्या नकाशात दिसत नाही.

म्हणून आम्ही ठरवलंय, दर तीन वर्षांनी ती वही पुन्हा उघडायची. आईचं वय वाढतंय, मुलगी दहावीला जाईल, रकान्यांचं वजन बदलेल. उद्या चौथा रकाना सगळ्यात जड झाला तर मी परत येईन आणि अक्षीच्या किनाऱ्यावर तीन-चार महिन्यांत समाधान मानीन. तेवढा वारा माझ्या वाट्याला पुरे.

शाळेतल्या मुलांना, विशेषतः मुलींना, एवढंच सांगते. कुठे राहायचं हा प्रश्न तुमच्यासाठी दुसरं कोणी सोडवायच्या आधी तुम्ही वही घ्या आणि रकाने आखा. तुमचा पहिला रकाना वाऱ्याचा नसेल, गाण्याचा असेल, शेतीचा असेल. पण तो लिहा. आणि तुमच्या गैरहजेरीत आईला दवाखान्यात कोण नेईल, त्यांची नावंही लिहा आणि त्यांना अधूनमधून फोन करत जा.

सर, बाई, खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही फळ्यावर बाण काढून शिकवलेत. ते बाण अजून उपयोगी पडतात.